आयरिश व्हिस्की चाखायची कशी आणि त्यावर लिहायचं कसं: नवख्यांसाठी

डब्लिनला आलो तेव्हा व्हिस्कीबद्दल मला इतकंच ठाऊक होतं, की ती सोड्यात घालतात आणि सोबत खारे शेंगदाणे लागतात. पुढे ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्याच्या नादानं चाखायला लागलो. चाखतोच आहे तर लिहूनही ठेवू, म्हणून एक वही केली. त्या वहीची पहिली अकरा पानं मी अजून फाडलेली नाहीत. अकरा पानांवर अकरा वेगवेगळ्या व्हिस्क्या आहेत आणि सगळ्यांपुढे एकच शब्द: 'स्मूद'.

तुमची अकरा पानं अशी वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. सगळी उदाहरणं आयर्लंडची आहेत, कारण मी इथेच शिकलो. तुम्ही पुण्यात असाल तरी नाक तेच आणि पद्धतही तीच.

व्हिस्की हा शब्द आयरिश भाषेतल्या 'इश्का बाहा'वरून आला. अर्थ, जीवनाचं पाणी. ज्यांच्याकडे पाणीपुरवठ्याच्या खात्यालाच जीवन प्राधिकरण म्हणतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आयरिश लोक एक 'ई' जास्त लावतात आणि त्यावर तासभर बोलू शकतात. देवनागरीत तो प्रश्नच मिटतो.

आधी काय काय जमवायचं

- खाली फुगीर, वर निमुळता असा छोटा ग्लास, शक्यतो तीन. ग्लेनकेर्न नावाचा मिळतो, आयरिश लोकांचा स्वतःचा तुआ नावाचाही आहे. नाही मिळाला तर वाइनचा लहान ग्लास चालेल. स्टीलचा पेला आणि रुंद तोंडाचा बर्फाचा ग्लास नको, त्यात वास टिकत नाही.
- औषधाचा ड्रॉपर आणि ५ मिलीचा चमचा.
- साधं पाणी, खोलीच्या तापमानाचं.
- वही. फोनवर लिहिलेलं मी तरी पुन्हा कधी वाचत नाही.
- टिकल्यांचं एक पाकीट, तीन रंगांचं. कशाला ते पुढे येईल.
- वयाचा पुरावा. आयर्लंडमध्ये १८ वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी २५, आणि पिण्याचा परवानाही.

१. लेबल वाचायला शिका

बाटली उघडण्याआधी दहा मिनिटं लेबलावर घालवा. निम्मं परीक्षण तिथेच होतं.

आयरिश व्हिस्की म्हणवून घ्यायला कायद्यानं काही गोष्टी लागतात. ती आयर्लंड बेटावरच गाळलेली आणि तिथेच लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी, आणि बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के हवं. 'बेट' हा शब्द मुद्दाम वापरलाय. बुशमिल्स उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात आहे, तरी तिची व्हिस्की आयरिशच.

प्रकार चार. बार्लीला मोड आणून ते वाळवले की होतो मॉल्ट. नाचणीचं सत्त्व करताना आई करते तीच युक्ती. एकाच डिस्टिलरीत निव्वळ मॉल्टपासून तांब्याच्या भांड्यात गाळली की सिंगल मॉल्ट. मका किंवा गव्हासारखं धान्य उंच स्तंभातून सलग गाळलं की ग्रेन, चवीला हलकी. यांची मिसळ म्हणजे ब्लेंड. जेमसनची नेहमीची हिरवी बाटली ब्लेंडच.

चौथा प्रकार खास आयर्लंडचा: पॉट स्टिल. यात मोड आणलेली बार्ली किमान ३० टक्के आणि मोड न आणलेली, कच्ची बार्लीही किमान ३० टक्के लागते. अठराव्या शतकात सरकारनं मॉल्टवर कर बसवला, तेव्हा इथल्या लोकांनी कर चुकवायला कच्ची बार्ली मिसळायला सुरुवात केली, असं इथे सांगतात. कर गेला, सवय राहिली. त्या कच्च्या बार्लीमुळे व्हिस्की तोंडात जाडसर, तेलकट लागते आणि जिभेच्या कडेला आलं-मिरीसारखी चुरचुरते. आयरिश व्हिस्की इतरांहून वेगळी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे.

लोक मात्र उत्तर देतात, 'ती तीनदा गाळतात म्हणून.' हा पहिला सापळा. गोव्याची उर्राक एकदा गाळलेली आणि फेणी दुसऱ्यांदा, हे माहीत असेल तर तीनदा गाळणं म्हणजे काय ते लगेच कळेल: दर फेरीला दारू तेज आणि हलकी होते. पण तीनदा गाळायची सक्ती कायद्यात नाही. कॉनेमारा ही आयरिश सिंगल मॉल्ट दोनदाच गाळतात, आणि वर तिचा मॉल्ट पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणून काढलेल्या इंधनाच्या, धुरावर वाळवतात. 'आयरिश व्हिस्कीला धुराचा वास नसतो' म्हणणाऱ्याला ती न सांगता पाजावी.

दुसरा सापळा जुन्या नावांचा. १९६६ साली जेमसन, पॉवर्स आणि कॉर्कची कंपनी अशा तिघांनी मिळून आयरिश डिस्टिलर्स काढली, १९७५ साली सगळं काम कॉर्कजवळच्या मिडलटनच्या नव्या कारखान्यात गेलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या बऱ्याच काळात अख्ख्या बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स या दोनच डिस्टिलऱ्या चालू होत्या. १९८७ साली जॉन टीलिंग यांनी कूली उभी केली. तेव्हा १९९० च्या दशकात गाळलेली कुठलीही आयरिश व्हिस्की हाती आली, तर ती या तीन घरांपैकी एकातली, मग लेबलावर कुठल्याही सरदाराचं चित्र असो. आज चाळीसच्या वर डिस्टिलऱ्या आहेत, पण दुसऱ्याकडून पिंपं विकत घेऊन आपल्या नावानं बाटल्या भरणारेही पुष्कळ. त्यात गैर काही नाही, व्हिस्की उत्तम असू शकते. फक्त मागच्या लेबलावर गाळणाऱ्याचं नाव आहे, की नुसतं 'बाटलीबंद करणार' एवढंच, ते बघा आणि वहीत लिहा.

२. पहिली खरेदी: तीन बाटल्या, तीन प्रकार

एकच महाग बाटली घेऊ नका. शेजारी दुसरी असल्याशिवाय पहिलीचं काही कळत नाही. माझी शिफारस: ब्लेंड म्हणून जेमसन किंवा ब्लॅक बुश, मॉल्ट म्हणून बुशमिल्स १०, पॉट स्टिल म्हणून ग्रीन स्पॉट किंवा रेडब्रेस्ट १२. धूरवाली कॉनेमारा नंतर.

इथली बाटली ७०० मिलीची, आपल्या खंब्याहून ५० मिली कमी. जानेवारी २०२२ पासून आयर्लंडमध्ये दारूला किमान किंमत ठरवून दिली आहे, दर ग्रॅम अल्कोहोलला १० सेंट. त्यामुळे ४० टक्क्यांची ७०० मिलीची बाटली साधारण २२ युरोंच्या खाली कुठेच मिळणार नाही. 'स्वस्त दुकान' शोधत फिरू नका. दुकानात विक्री सकाळी साडेदहा ते रात्री दहा, रविवारी दुपारी साडेबारापासून. सुपरमार्केटात त्या वेळेआधी गेलात तर दारूचा कोपरा बंद असतो आणि कॅशियर हसतो.

पैसे घालायचे नसतील तर पबमध्ये जा. इथलं माप ३५.५ मिली, म्हणजे आपल्या छोट्या पेगहून थोडं जास्त. डब्लिनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा पॅलेस बार व्हिस्कीवाल्यांचा जुना अड्डा आहे. दुपारी तीन-चारच्या सुमारास गेलात तर बारमन बोलायला मोकळा असतो. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन त्याला बार्लीबद्दल विचारू नका.

३. जागा, वेळ आणि नाक

माझी सगळ्यात मोठी फजिती इथली. ग्रीन स्पॉटवर मी एकदा दीड पान लिहिलं, त्यात 'मागून येणारा चंदनाचा गंभीर सुगंध' असं ठसक्यात टाकलं. दोन दिवसांनी तीच बाटली, तोच ग्लास, आणि चंदन गायब. शेजारच्या खोलीत बायकोनं गुरुवारची उदबत्ती लावली होती.

तेव्हापासून नियम: फोडणी, उदबत्ती, अत्तर, सुगंधी साबण काही नको. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. मिसळ खाल्ली असेल तर त्या दिवशी नादच सोडा. सर्दीत चाखू नका. सोबत फार तर साधा पाव. शेव-शेंगदाणे गप्पांच्या दिवशी.

आणि प्रमाण. एका बैठकीला तीन ग्लास, प्रत्येकी १५ मिली. त्यापुढे नाक खोटं बोलायला लागतं आणि हात फार उदार होतो. थुंकायला एक कप ठेवा, लाजू नका, व्यवसायातले सगळे थुंकतात. चाखलं त्या दिवशी गाडी चालवायची नाही. इथली मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, नव्या चालकांना तर २०.

४. रंग बघा आणि विसरा

रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे, तेव्हा गडद म्हणजे जुनी असं नाही. ग्लासच्या कडेवरून ओघळणाऱ्या धारांवरून लोक भविष्य सांगतात, ते सोडून द्या. पुढे.

५. वास: सगळा खेळ इथे आहे

ग्लास नाकात खुपसू नका. हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू श्वास घ्या. तोंड उघडं ठेवल्यानं अल्कोहोलचा झोंबरेपणा कमी होतो. हे एक जमलं तरी पहिल्या महिन्याची कमाई झाली. मग ग्लास इंच-इंच वर आणा. नाक बधिर झालं तर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. हसू नका, खरंच उपयोग होतो.

ओतल्यावर लगेच, पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी असे तीन वेळा वास घ्या. तिन्ही वेळा वेगळं लिहा.

काय शोधायचं? पिंपापासून सुरू करा. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीला दर वेळी आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं, म्हणून त्यांची वापरलेली पिंपं ढिगानं आयर्लंडला येतात. त्यांतून व्हॅनिला, ओलं खोबरं, करपू घातलेली साखर येते. शेरी या स्पेनच्या तेज वाइनच्या पिंपातून येतो सुका मेवा, खजूर, जुनं लाकूड. केळं, पेर, सफरचंद असं ताजं फळ आलं तर ते बहुतेक आंबवतानाच तयार झालेलं असतं. मग पॉट स्टिलची तेलकट बाजू. तिला इथले लोक जवसाचं तेल म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चाट पडलो, कारण हा वास मला बाटलीआधी खलबत्त्यातून माहीत होता: भाजलेलं जवस, लसूण, तिखट. त्यातली लसूण आणि तिखट वजा करा.

६. घोट आणि पाणी

पहिला घोट फक्त जीभ सावध करायला, त्यावर काही लिहू नका. दुसरा अर्धा चमचाभर घ्या, दहा सेकंद तोंडात फिरवा. पातळ की जाड? गोड कुठे लागलं, झोंबलं कुठे? गिळल्यावर किती वेळ मागे राहिली? हे शेवटचं घड्याळ लावून मोजा, कारण 'बराच वेळ' म्हणजे माझे वीस सेकंद आणि तुमची दोन मिनिटं.

मग पाणी. 'खरा शौकीन पाणी घालत नाही' हा गैरसमज आपल्याकडे आणि इथेही आहे. पाण्यानं दबलेले वास वर येतात. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत ड्रॉपरनं चार थेंब पुरे, ती आधीच पाणी घालून उतरवलेली असते. पिंपातून थेट भरलेल्या तेज बाटल्यांचं गणित वेगळं. समजा ५८ टक्क्यांची आहे: २० मिली ओता, ५ मिलीचा एक चमचा पाणी घाला, ती ४६ च्या आसपास येते. पाणी घातल्यावर किंचित धूसर झाली तर खराब नाही. बाटलीत भरण्याआधी थंड करून फिल्टर केलेली नाही, इतकाच अर्थ.

तेज व्हिस्कीला हलक्यात घेऊ नका. १८ जून १८७५ च्या रात्री डब्लिनच्या लिबर्टीज भागात गोदामाला आग लागली आणि जळती व्हिस्की रस्त्यावरून ओढ्यासारखी वाहिली. लोकांनी टोप्यांत आणि बुटांत भरभरून प्यायली. १३ माणसं गेली, आगीनं एकही नाही, सगळी पिऊन.

७. नोंद: आपल्या नाकाचे शब्द

आता मूळ मुद्दा. बाटलीच्या पुठ्ठ्याच्या नळीवर चव छापलेली असते: 'ख्रिसमस केक, गूजबेरी, टॉफी अॅपल.' सुरुवातीला मी तेच मराठीत उतरवून काढायचो. गूजबेरी तोवर मी पाहिलीही नव्हती.

मी सांगलीचा. मामाची तासगावला द्राक्षबाग. एकदा शेरीच्या पिंपातल्या एका व्हिस्कीत मला काहीतरी ओळखीचं, नाकाला टोचणारं लागलं. जमलेले सगळे 'सुंदर मनुका' म्हणत होते. मला मनुका नव्हे, अख्खी बेदाण्याची शेड दिसत होती: जाळीवर पसरलेले मणी आणि त्यांना दिलेली गंधकाची धुरी. भीत भीत 'गंधक' म्हणालो. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या चाखणाऱ्यानं पुन्हा ग्लास उचलला आणि मान डोलावली. शेरीची पिंपं टिकावीत म्हणून त्यात गंधक जाळतात, त्याचा अंश कधी कधी व्हिस्कीत उतरतो, आणि जाणकार त्याला दोष मानतात. नळीवर ते कोण छापणार!

तेव्हा काकवी आली तर काकवी लिहा, जायफळ, सुंठ, पावसाळ्यातलं गोणपाट, नव्या चपलेचं चामडं, जे आलं ते. मात्र एक पथ्य: शब्द वाचणाऱ्याला पोचला पाहिजे. 'आजोळच्या माजघराचा वास' म्हणाल तर तो तुमच्यापुरता राहिला. 'शेणानं सारवलेली, अर्धवट वाळलेली जमीन' म्हणा, म्हणजे कळेल. आणि इथे राहत असाल तर गूजबेरीही विकत घेऊन खा. त्यांचे शब्द त्यांच्या जागी बरोबरच आहेत.

माझ्या वहीतली एक नोंद तशीच देतो:

*रेडब्रेस्ट १२, ४० टक्के. बाटली उघडून तीन आठवडे, पाऊण भरलेली. पोट रिकामं. वास, लगेच: जवस, ओला पुठ्ठा. ५ मिनिटांनी: बेदाणा, जायफळ. १५ मिनिटांनी: काळ्या पडलेल्या केळ्याची साल, पुठ्ठा गेला. तोंडात: सायीसारखी, मग कडेला सुंठ. शेवट: करपलेली साखर, ५० सेकंद. पाणी ४ थेंब: जवस कमी, सुंठ जास्त. मला पाण्याशिवाय आवडली.*

सुट्टीत वडिलांना हीच पाजली. एक घोट घेऊन ते म्हणाले, "सर्दीचा काढा आहे, गूळ जास्त पडलाय." माझ्या सहा ओळींतलं काही त्यांनी सोडलं नाही.

८. टिकल्यांची परीक्षा

दहाएक नोंदी झाल्या की हे कराच. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लासांत तीन व्हिस्क्या ओतायला सांगा, ग्लासाच्या बुडाला लाल, हिरवी, पिवळी टिकली लावायला सांगा, आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा. मग आत येऊन चाखा, लिहा, शेवटी ग्लास उलटे करा.

डब्लिनचे मिचेल हे व्यापारी आपल्या पिंपांवर रंगाचा ठिपका मारून वय ओळखायचे: निळा ७, हिरवा १०, पिवळा १२, लाल १५ वर्षं. ग्रीन स्पॉट हे नाव त्यातूनच आलं. आमची टिकल्यांची पद्धत हे कळायच्या आधीची आहे, इतकं नोंदवून ठेवतो.

पहिल्या परीक्षेत मी सगळ्यात स्वस्त ब्लेंडला पहिला नंबर दिला आणि जिच्यावर महिनाभर बचत केली होती तिला 'पातळ, कंटाळवाणी' म्हटलं. बायकोनं त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय.

९. परीक्षण लिहून लोकांपुढे ठेवताना

एका बैठकीवर परीक्षण लिहू नका. वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा चाखा, त्यातली एक बैठक टिकल्यांची. मग लिहा. त्यात व्हिस्कीचा प्रकार, टक्के, वय दिलं असेल तर वय, बाटलीवरचा बॅचचा आकडा आणि तुम्ही मोजलेली किंमत हवी. बाटली फुकट मिळाली असेल तर ते पहिल्या ओळीत सांगा, शेवटच्या नाही.

शंभरपैकी गुण द्यायची घाई नको. ८६ आणि ८७ मधला फरक मला आजही सांगता येत नाही. मी लिहितो, 'पबमध्ये एक पेग घेईन', 'बाटली घेईन' किंवा 'दिली तरी नको'. वाचणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

'जितकी जुनी तितकी भारी' असं गृहीत धरू नका. आयर्लंडच्या थंड हवेत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, आणि फार वर्षं ठेवली तर व्हिस्कीपेक्षा लाकूडच जास्त लागतं. बाटलीत गेल्यावर तर वय वाढतच नाही. काकांच्या कपाटात वीस वर्षं पडून असलेली बारा वर्षांची व्हिस्की बारा वर्षांचीच राहते.

आणि 'स्मूद' हा शब्द लिहायचा नाही.

१०. उरलेली बाटली, आणि ती घरी नेताना

बाटली निम्म्याखाली गेली की आतल्या हवेनं चव बदलायला लागते. शेवटचे १०० मिली लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, तारीख चिकटवा, अंधारात उभी ठेवा. आडवी नको, बुचाला अल्कोहोल लागलं की ते कुजतं.

भारतात नेताना एका प्रवाशाला २ लिटर शुल्कमुक्त. ७०० मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे २१०० मिली, आणि शंभर मिलीसाठी मुंबईच्या विमानतळावर उभं राहणं काय असतं ते मी अनुभवलंय. दोन मोठ्या घ्या, वरचे ६०० मिली छोट्या बाटल्यांनी भरा. डब्लिनच्या ड्युटी फ्रीमध्ये घेतलीत तर मोहोरबंद पिशवी आणि पावती मागून घ्या, आणि आखातात विमान बदलेपर्यंत ती पिशवी फोडू नका, आत नेमकी कुठली बॅच आहे ते बघायला सुद्धा.